बदलले तेवढेच विचारा: आयटी प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपन्या आणि संस्थांना खुले पत्र

प्रति,
माहिती तंत्रज्ञानातील व्यावसायिक प्रमाणपत्रे देणाऱ्या सर्व कंपन्या व संस्था आणि त्यांच्या परीक्षा विभागांचे प्रमुख यांस,

महोदय, महोदया,

आपल्या प्रमाणपत्रांची मुदत गेल्या काही वर्षांत आखडत चालली आहे. मायक्रोसॉफ्टने जून २०२१ पासून असोसिएट आणि एक्स्पर्ट पातळीच्या प्रमाणपत्रांची मुदत दोन वर्षांवरून एका वर्षावर आणली. लिनक्स फाउंडेशनने १ एप्रिल २०२४ पासून कंटेनर (वेगळ्या डब्यांत बांधलेली ॲप्स) अनेक सर्व्हरवर चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीच्या सीकेएसारख्या प्रमाणपत्रांची मुदत ३६ महिन्यांवरून २४ महिन्यांवर आणली. मुदत ठेवूच नका, असे आमचे म्हणणे नाही. दहा वर्षांपूर्वी पास झालेल्या माणसाच्या हाती आजचा क्लस्टर (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरचा समूह) केवळ त्या जुन्या निकालाच्या भरवशावर देऊ नये, हे आम्हालाही पटते. आमची हरकत आहे ती मुदत संपताना आपण जे तपासता त्याला. बहुतेक ठिकाणी एक तर आपण संपूर्ण परीक्षा पुन्हा द्यायला लावता, नाही तर काहीच न तपासता तासांची हजेरी मोजता. मधल्या काळात नेमके काय बदलले आणि ते या माणसाला येते का, हा साधा प्रश्न दोन्हीकडे राहून जातो.

हे पत्र लिहिणारे आम्ही नेटवर्क, सर्व्हर, क्लाउड आणि माहितीसुरक्षा सांभाळणारे लोक आहोत. आमच्यातले काही जण या परीक्षांची तयारी करून घेतात. निविदांमध्ये अमुक प्रमाणपत्र असलेले इतके अभियंते हवेत अशी अट असते. कंपनीचा भागीदार दर्जा कर्मचाऱ्यांच्या चालू प्रमाणपत्रांवर ठरतो. नोकरीच्या अर्जांची पहिली चाळणी मुदतीची तारीख बघून होते. अनेकांची परीक्षा फी स्वतःच्या पगारातून जाते आणि अभ्यास कामाचे तास संपल्यावर सुरू होतो. त्यामुळे नूतनीकरण कसे होते याची झळ आम्हाला थेट बसते.

काय बदलते आणि काय बदलत नाही हे आधी मांडतो, कारण सगळा वाद तिथेच आहे.

/२६ च्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एका तुकड्यात, वापरता येणारे ६२ पत्ते असतात, पंचवीस वर्षांपूर्वीही तेवढेच होते. टीसीपी या नियमाने दोन संगणकांची जोडणी तीन टप्प्यांतच होते. खासगी पत्त्यांचे पट्टे १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेट-दस्तऐवजात ठरले तेच आहेत. लिनक्सवर फाइलला ६४० परवानगी दिली की मालक आणि गट सोडून इतरांना ती वाचता येत नाही, हेही तसेच. हे ज्याला एकदा नीट आले आणि जो रोज याच कामात आहे, त्याला ते दर दोन-तीन वर्षांनी फी घेऊन विचारण्यात कुणाचाच लाभ नाही.

आता खरे बदल पाहा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ वर हात बसलेला माणूस ८ वर आला की सॉफ्टवेअर बसवणाऱ्या 'यम' या आज्ञेच्या नावाआड डीएनएफ काम करत असतो, घड्याळ जुळवणारा एनटीपीडी गेलेला असतो आणि वेळ जुळवायला फक्त क्रोनी उरतो, कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या जागी पॉडमन असतो, फायरवॉलच्या तळाशी आयपीटेबल्सऐवजी एनएफटेबल्स असते. ९ वर नेटवर्कची मांडणी आयएफसीएफजी फाइलींऐवजी नेटवर्कमॅनेजरच्या कीफाइलमध्ये जाते. जुन्या सवयीने नेटवर्क-स्क्रिप्ट्सच्या फोल्डरमध्ये गेलेल्याला नव्या सर्व्हरवर तिथे फक्त 'या फाइली आता दुसरीकडे आहेत' अशी टीप सापडते. रात्री दोन वाजता नेटवर्क कार्ड चालू होत नसेल तर हा फरक माहीत असणे आणि नसणे यात तासभराचा बंद सर्व्हर असतो.

कुबरनेटीसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला सुमारे १४ महिने आधार मिळतो. मे २०२२ च्या १.२४ मध्ये डॉकरशी जोडणारा दुवा, डॉकरशिम, काढला गेला. नोडवर डॉकरची आज्ञा देऊन कंटेनर पाहणाऱ्यांना क्रिक्टल ही नवी आज्ञा शिकावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १.२५ आली आणि पॉडवर (कंटेनरच्या गटावर) सुरक्षेच्या मर्यादा घालणारी पॉडसिक्युरिटीपॉलिसी गेली. त्या प्रकारचा जुना मॅनिफेस्ट, म्हणजे मांडणीची फाइल, आता क्लस्टर स्वीकारतच नाही. तीच मर्यादा पॉड सिक्युरिटी ॲडमिशनने नेमस्पेसवर (क्लस्टरमधल्या कप्प्यावर) लेबल लावून घालावी लागते, आणि जुन्या धोरणातले सगळेच बारकावे तिथे जसेच्या तसे उतरत नाहीत. अशा ठिकाणी माणसे चुकतात आणि सुरक्षेत भोक राहते. नूतनीकरणात हे विचारायलाच हवे.

सुरक्षेतही तेच. संकेतस्थळाशी होणारा संवाद कूटबद्ध करणाऱ्या टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ च्या आरएफसी ८९९६ ने अधिकृतपणे बाद झाल्या. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका, असे अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले. त्याआधी शिकलेला प्रत्येक जण उलटे शिकला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकापुढे टिकतील अशा कूटलेखनाची फिप्स २०३, २०४ आणि २०५ ही मानके आली. एप्रिल २०२५ मध्ये सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या सीए/ब्राउझर फोरमने सार्वजनिक टीएलएस सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्याने खाली आणायचे ठरवले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७. वर्षातून एकदा हाताने सर्टिफिकेट बदलणाऱ्या विभागाला हे झेपणार नाही. एसीएमई या प्रमाणित पद्धतीने स्वयंचलित नूतनीकरण लावणे, ते अयशस्वी झाले तर इशारा येणे, आणि लोड बॅलन्सर, मेल सर्व्हर, जुने उपकरण अशा कुठे कुठे तेच सर्टिफिकेट हाताने चिकटवले आहे याची यादी ठेवणे, हे आता रोजचे कौशल्य झाले आहे.

यालाच आम्ही फरक म्हणतो. वर सांगितलेला कुबरनेटीसचा किंवा लिनक्सचा फरक जाणत्या माणसाकडून तासाभरात तपासून घेता येतो.

ही रीत आपल्याला नवी नाही. विंडोज २००० आले तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्याआधीच्या विंडोज एनटी ४.० वर प्रमाणित झालेल्यांसाठी ७०-२४० ही परीक्षा ठेवली. ती चार तासांची आणि विनाशुल्क होती, चार मुख्य परीक्षांच्या जागी ती एकच पुरे होती. मात्र ती एकदाच देता येई आणि नापास झाल्यास चारही परीक्षा वेगवेगळ्या द्याव्या लागत. ही एकच संधीची अट जाचक होती, पण कल्पना योग्य होती. विंडोज सर्व्हर २००३ च्या वेळी हिशेब आणखी स्वच्छ झाला. नव्याने एमसीएसई (मायक्रोसॉफ्टचे प्रमाणित अभियंता) होणाऱ्याला सात परीक्षा होत्या, तर विंडोज २००० चा एमसीएसई असलेल्याला ७०-२९२ आणि ७०-२९६ या दोनच.

ओरॅकलने जावा एसई ७ वरून ८ वर येणाऱ्यांसाठी १झेड०-८१० ही स्वतंत्र परीक्षा घेतली. तिच्यात लॅम्डा, फंक्शनल इंटरफेस, स्ट्रीम, इंटरफेसमधल्या डीफॉल्ट आणि स्टॅटिक मेथड, तारीख-वेळेची नवी एपीआय आणि जावास्क्रिप्ट चालवणारे नॅशहॉर्न एवढेच विषय होते. लूप कसा लिहायचा हे कुणी पुन्हा विचारले नाही. याच यादीतले नॅशहॉर्न पुढे जावा ११ मध्ये कालबाह्य ठरले आणि १५ मधून काढले गेले. म्हणजे फरकाची परीक्षासुद्धा वेळोवेळी ताजी करावी लागते, हेही इथे नोंदवतो. ओरॅकलच्याच डेटाबेस १२सी च्या १झेड०-०६० या परीक्षेचे दोन भाग होते, एक नव्या सुविधांचा आणि एक डेटाबेस सांभाळण्याच्या पायाभूत कौशल्यांचा, आणि दोन्हींत वेगवेगळे पास व्हावे लागे. आमच्या मते या सगळ्यांत हा नमुना सर्वांत उत्तम. फरक मुख्य, पाया थोडा, आणि एकाच्या जोरावर दुसरा झाकता येत नाही.

आज या रीतीचा माग फार थोड्या ठिकाणी उरला आहे. मायक्रोसॉफ्टचे सध्याचे नूतनीकरण विनाशुल्क आहे, मुदत संपण्याआधी सहा महिने खुले होते, घरून देता येते आणि अलीकडच्या बदलांवर बेतलेले असते. त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. पण ते देखरेखीविना होते, त्यामुळे काही नोकरीदाते त्याला वजन देत नाहीत, आणि वर्षाची मुदत असल्याने चार प्रमाणपत्रे असलेल्या माणसाच्या मागे ते सतत लागलेले असते. इतर बहुतेक ठिकाणी आमच्या तक्रारी पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार संपूर्ण परीक्षा पुन्हा देण्याची. सीकेएच्या नूतनीकरणाला दोन तासांची तीच प्रात्यक्षिक परीक्षा पुन्हा द्यावी लागते. परीक्षा म्हणून ती उत्तम आहे: खऱ्या क्लस्टरवर काम, अधिकृत दस्तऐवज उघडायची मुभा, ६६ टक्क्यांची रेषा, नापास झाल्यास एक विनाशुल्क संधी. पण दोन वर्षे क्लस्टर चालवणारा माणूस दुसऱ्यांदा तयारी करतो ती कशाची? क्यूबएडीएम या साधनाने नोड (क्लस्टरमधला सर्व्हर) पुढच्या आवृत्तीवर नेणे, आज्ञांची लघुरूपे, हे सगळे घड्याळासमोर वेगाने टंकण्याची. फेब्रुवारी २०२५ मध्ये अभ्यासक्रमात मांडणीच्या फाइली तयार करणारी हेल्म व कस्टमाइझ ही साधने आणि बाहेरच्या विनंत्या आत वळवणारी गेटवे एपीआय असे विषय आले. त्याला खरोखर नवे आहे ते असे काही, आणि नेमके त्यालाच तयारीत उरलेला वेळ मिळतो. गेटवे एपीआयमध्ये गेटवेक्लास, गेटवे आणि एचटीटीपीरूट यांची जबाबदारी कशी वाटलेली असते, इन्ग्रेस या जुन्या पद्धतीवरून तिकडे जाताना ॲनोटेशनमध्ये (जोडटिपांत) दडवलेले नियम कुठे हरवतात, हे तीन-चार प्रात्यक्षिक कामांत चाळीस मिनिटांत तपासता आले असते. ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या, असोसिएट परीक्षांतही चालू आवृत्तीची पूर्ण परीक्षा किंवा वरच्या पातळीची परीक्षा हीच मुख्य वाट आहे. तेच ते प्रश्न विचारणाऱ्या बहुपर्यायी परीक्षांत आणखी एक अनर्थ होतो. पाठ केलेल्या प्रश्नसंचांचा, म्हणजे डम्पचा, बाजार याच पुनरावृत्तीवर जगतो. कामात बुडालेल्या, विषय जाणणाऱ्या माणसालाही सगळे पुन्हा वाचण्याऐवजी तो मार्ग खुणावतो, आणि शेवटी सगळ्यांच्याच प्रमाणपत्राची किंमत उतरते.

याच्या उलट टोकाला हजेरीचे गुण. सिस्कोच्या चढत्या पातळीच्या नेटवर्क प्रमाणपत्रांत सीसीएनएला ३०, सीसीएनपीला ८० आणि सीसीआयईला १२० गुण तीन वर्षांत जमवता येतात. माहितीसुरक्षेच्या प्रमाणपत्रांत कॉम्पटिया या संस्थेच्या सिक्युरिटी प्लसला ५०, सीआयएसएसपीला १२०. परीक्षेला पर्याय म्हणून ही सोय चांगली आहे आणि ती जावी असे आम्हाला वाटत नाही. पण तासांचा हिशेब मनुष्य बसला होता एवढेच सांगतो. उत्पादनाची ओळख करून देणारे वेबिनार आणि कूटलेखनाच्या नव्या मानकांवरचा अवघड वर्ग यांचा तास अनेकदा एकाच मापाने मोजला जातो. मग माणूस साहजिकच सोपा तास निवडतो. तीन वर्षांत ५० गुण भरतात आणि टीएलएस सर्टिफिकेटची मुदत बदलली याचा पत्ता नसतो.

एकाच माणसाकडे एडब्ल्यूएस, सीकेए, मायक्रोसॉफ्ट, सीसीएनए आणि सिक्युरिटी प्लस असे एकेक प्रमाणपत्र असेल तर सहा वर्षांत किती नूतनीकरणे होतात ते मोजून पाहा: २, ३, ६, २ आणि २. एकूण पंधरा. डीएनएस, सबनेट, ओळखव्यवस्था आणि किमान अधिकारांचे तत्त्व या प्रत्येक वाटेवर पुन्हा पुन्हा भेटते. कॉम्पटिया इतर संस्थांची अनेक प्रमाणपत्रे आपल्या गुणांत धरते. ही रीत इतरांनीही उचलायला काय अडचण आहे?

पुढची तक्रार अर्ध्या वाटेवर सापडलेल्यांची. हिच्यात माणसांचे सर्वांत जास्त नुकसान झाले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने एमसीएसए, एमसीएसडी आणि एमसीएसई ही प्रमाणपत्रे त्याच वर्षीच्या ३० जूनला बंद होतील असे जाहीर केले, म्हणजे जेमतेम चार महिन्यांची सूचना. महामारीत परीक्षा केंद्रे बंद पडल्यावर तारीख ३१ जानेवारी २०२१ झाली. विंडोज सर्व्हर २०१६ च्या एमसीएसएला ७०-७४०, ७०-७४१ आणि ७०-७४२ अशा तीन परीक्षा होत्या. दोन पास होऊन तिसरी राहिलेल्याच्या हाती नवे काहीच पडले नाही. त्याच्या दोन परीक्षांचे नव्या वाटेवर वजन शून्य. शिवाय स्वतःच्या जागेतले सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ॲझ्युअर या क्लाउडच्या प्रमाणपत्रांकडे बोट दाखवले गेले. एझेड-८०० आणि एझेड-८०१ ही परीक्षांची जोडी २०२१ च्या अखेरीस येईपर्यंत ॲक्टिव्ह डिरेक्टरी, डीएचसीपी, फेलओव्हर क्लस्टर या कामाला नवे असे कोणतेच नाव नव्हते. काम मात्र एक दिवसही थांबले नव्हते.

सिस्कोने २४ फेब्रुवारी २०२० च्या फेरबदलाची घोषणा आदल्या जूनमध्ये, आठ महिने आधी केली आणि सीसीएनपीसाठी जुन्या परीक्षांचे नव्याशी नाते दाखवणारी सोय दिली. पूर्वसूचना कशी द्यावी याचे हे चांगले उदाहरण आहे. पण त्याच बदलात सीसीएनए दोन टप्प्यांत करणाऱ्यांना, म्हणजे आयसीएनडी१ ही पहिली परीक्षा पास होऊन आयसीएनडी२ ही दुसरी राहिलेल्यांना, २००-३०१ ही संपूर्ण नवी परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागली. वरच्या पातळीला पूल मिळाला आणि खालच्या पातळीला, जिथे लोक क्षेत्रात नुकतेच पाऊल टाकत असतात, तिथे मिळाला नाही.

नाव तेच आणि आशय वेगळा, ही तक्रार नोकरी देणाऱ्यांचीही असायला हवी. रेड हॅटच्या आरएचसीई या लिनक्स-अभियंत्याच्या प्रमाणपत्राचे उदाहरण घ्या. ७ व्या आवृत्तीच्या ईएक्स३०० या परीक्षेत आयस्कझी टार्गेट (नेटवर्कवरून दिलेली साठवणूक), नेटवर्क टीमिंग, कर्बेरॉसने सुरक्षित केलेले एनएफएस, पुढे पाठवणारा मेल सर्व्हर, मारियाडीबी असे सेवांचे हाताने केलेले काम होते. ८ पासून आलेल्या ईएक्स२९४ मध्ये जवळजवळ सगळे ॲन्सिबल, म्हणजे अनेक सर्व्हरची मांडणी आपोआप करणारे साधन, आहे: प्लेबुक, रोल, जिंजा२ टेम्प्लेट, व्हॉल्ट. दोन्ही परीक्षा कठीण आणि दोन्ही कौशल्ये उपयोगी. पण एक माणूस साठवणुकीचा टार्गेट हाताने उभा करून दाखवतो, दुसरा शंभर सर्व्हर एका प्लेबुकने रांगेला लावतो, आणि दोघांच्या अर्जावर तीच सहा अक्षरे असतात. यात रेड हॅटने बदल केला हे चूक नाही. प्रमाणपत्राच्या नावाशेजारी तो बदल ठळक दिसत नाही, हे चूक आहे.

अभ्यासक्रमाची कागदपत्रेही तुलना करता येतील अशी नसतात. सिक्युरिटी प्लसची एसवाय०-६०१ आणि एसवाय०-७०१ शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत पाच विभाग. जुन्यात टक्के २४, २१, २५, १६, १४; नव्यात १२, २२, १८, २८, २०. पण विभागांची नावे आणि सीमा दोन्ही हलल्या आहेत. त्यामुळे जुन्या 'अंमलबजावणी' विभागातला मुद्दा नव्यात कुठे गेला, की गेलाच, हे ओळीओळीने शोधत बसावे लागते. हे काम प्रत्येक शिकवणारा आणि प्रत्येक परीक्षार्थी स्वतंत्रपणे करतो. परीक्षा बनवणाऱ्या विभागाकडे ते उत्तर आधीच तयार असते. ७ नोव्हेंबर २०२३ ला नवी आली आणि ३१ जुलै २०२४ ला जुनी गेली. दोन्ही आवृत्त्या इतका काळ सोबत चालल्या हे मात्र अनुकरण करण्यासारखे.

केवळ नाव बदलले म्हणून ज्ञान जुने होत नाही, हेही सांगितले पाहिजे. जुलै २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर एडी या ओळखव्यवस्थेचे नाव एन्ट्रा आयडी होणार असल्याचे जाहीर झाले. तिच्यातल्या कंडिशनल ॲक्सेसचे (कुणाला कोणत्या अटीवर प्रवेश द्यायचा याचे) तर्कशास्त्र त्याने बदलले नाही. प्रश्नात दोन्ही नावे लिहा आणि पुढे चला.

मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी दार बंद होणे, ही आणखी एक गोष्ट. आजारपण, बाळंतपण, प्रकल्पाची धावपळ, परीक्षा केंद्रात तारीख न मिळणे, दूरस्थ परीक्षेत जोडणी तुटणे, यांपैकी काहीही झाले तर काल सक्षम असलेला माणूस आज पहिल्या पायरीवर. एका रात्रीत कौशल्य जात नाही.

सरावाच्या जागेबद्दल थोडक्यात. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी प्रत आणि रेड हॅटची १६ यंत्रांपर्यंतची विनाशुल्क वैयक्तिक सदस्यता यांनी पुष्कळांना शिकवले आहे. क्लाउडवर मात्र नव्या सुविधा वापरून पाहायच्या तर एनएटी गेटवे किंवा लोड बॅलन्सर बंद करायचा राहिला की तासागणिक बिल चढते. ज्याच्याकडून नवी सुविधा येण्याची अपेक्षा धरता, त्याला ती हाताळायला जागा द्या.

फरकाची परीक्षा बनवणे अवघड आहे, असे उत्तर येईल हे आम्ही धरून चालतो. परीक्षा कशी तयार होते हे आम्हाला ठाऊक आहे. आधी कामाचे विश्लेषण होते, त्यातून विभाग आणि त्यांचे वजन ठरते, जाणकार प्रश्न लिहितात, बीटा परीक्षेत ते पारखले जातात, मग जाणकारांच्या अंदाजावर आधारलेल्या अँगॉफसारख्या पद्धतीने पास होण्याची रेषा आखली जाते. याला महिने लागतात. पण प्रत्येक प्रश्नावर तो कोणत्या उद्दिष्टाचा हे नोंदलेले असते. नव्या किंवा बदललेल्या उद्दिष्टांचे प्रश्न वेगळे काढणे म्हणजे नवी प्रश्नपेढी उभारणे नव्हे. छोट्या परीक्षेचा निकाल कमी विश्वासार्ह असतो, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. ओरॅकलच्या त्या जुन्या परीक्षेसारखा पायाभूत प्रश्नांचा छोटा भाग सोबत ठेवा, बहुपर्यायी प्रश्नांच्या जोडीला दोन-तीन प्रात्यक्षिक कामे द्या आणि पुन्हा बसण्याची संधी लवकर द्या. शिवाय इथे निर्णय माणूस सक्षम आहे का याचा नसतो, तो आधीच झालेला असतो. या माणसाने नवा भाग आत्मसात केला का, एवढाच निर्णय असतो.

आमचे म्हणणे ऐकले जाऊ शकते, याला दाखला आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एनटी ४.० च्या प्रमाणितांची मान्यता काढून घेण्याचा निर्णय मागे घेतला. जानेवारी २०१० मध्ये कॉम्पटियाने ए प्लस, नेटवर्क प्लस आणि सिक्युरिटी प्लसच्या जुन्या, कायमस्वरूपी प्रमाणपत्रांनाही मुदत लावायचे ठरवले होते. विरोध झाल्यावर २०१० अखेरपर्यंत मिळवलेली प्रमाणपत्रे कायम ठेवली गेली. म्हणून पुढील मागण्या करत आहोत.

१. परीक्षेची प्रत्येक नवी आवृत्ती जाहीर करताना उद्दिष्टागणिक तक्ता द्या: नवे, बदललेले, तसेच, वगळलेले. जुन्या उद्दिष्टाचा क्रमांक आणि नव्याचा क्रमांक शेजारी शेजारी.

२. चालू प्रमाणपत्र असलेल्यांसाठी ७५ मिनिटांपेक्षा मोठी नसलेली, देखरेखीखालची फरकाची परीक्षा ठेवा. फी तिच्या आकाराच्या प्रमाणात असावी. संपूर्ण परीक्षा हा पर्याय ज्यांना हवा त्यांना राहू द्या.

३. अनेक परीक्षांचे प्रमाणपत्र बंद करायचे असेल तर किमान बारा महिने आधी सांगा आणि पास झालेल्या प्रत्येक परीक्षेला नव्या वाटेवर काही ना काही वजन द्या. पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रांनाही.

४. पडताळणीच्या पानावर परीक्षेची आवृत्ती, पास झाल्याची तारीख, आणि शेवटचे नूतनीकरण परीक्षेने झाले की गुणांनी, हे नोकरी देणाऱ्याला दिसू द्या. बंद झालेली प्रमाणपत्रे पुसू नका. 'जुनी आवृत्ती' असा शिक्का मारून ठेवा, कारण ती यंत्रणा कुठे ना कुठे चालूच असते.

५. हजेरीच्या गुणांना छोटी चाचणी जोडा, उत्पादनाच्या ओळखीच्या वेबिनारवर मर्यादा घाला, आणि त्या काळातल्या महत्त्वाच्या बदलांवरचे काही गुण अनिवार्य करा.

६. मुदत संपल्यावर ९० दिवस फरकाची परीक्षा देता यावी. या काळात प्रमाणपत्र 'स्थगित' दिसले तरी चालेल.

७. नूतनीकरणासाठी नोंदणी केलेल्याला ३० दिवसांची, खर्चाला आपोआप मर्यादा असलेली प्रयोगशाळा द्या.

८. एकमेकांची प्रमाणपत्रे गुणांत धरा.

या मागण्यांवर आपल्या परीक्षा विभागाने जाहीर आणि लेखी उत्तर द्यावे: कोणती मान्य, कोणती अमान्य आणि का. सगळे एकदम होणार नाही हे आम्ही जाणतो. पण पहिल्या मागणीसाठी नवी परीक्षा लागत नाही, नवा खर्चही फारसा नाही. आपल्याकडे असलेल्या दोन याद्या शेजारी ठेवून प्रसिद्ध करायच्या आहेत. ते आपल्या पुढच्या आवृत्तीच्या घोषणेसोबतच व्हावे.

आपले,
ही प्रमाणपत्रे मिळवणारे, टिकवणारे आणि त्यांची तयारी करून घेणारे आम्ही सर्व